कपाळ आणि सातबारा

(कार्तिकी वारीत पंढरपूर येथे झालेल्या कीर्तनाच्या ध्वनिमुद्रणावरून)

बोला पुंडलिक वरदे हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!

आत्ता टाळ-मृदंगाच्या साथीनं आपण जो अभंग म्हटला, त्याचा भाव काय? देव सगळ्यांत सारखा आहे. एवढाच भाव. शब्द सोपे आहेत, चाल गोड आहे, तुम्हा सर्वांना पाठ आहे. पाठ असलेलं मात्र माणूस ऐकत नाही, हीच अडचण आहे!

तुम्ही आज रांगेतून दर्शन घेऊन आलात. कुणी पायाला हात लावला, कुणाला लांबूनच मुख दिसलं, कुणी कळसाला हात जोडून परत फिरलं. त्या सावळ्याचे पाय कसे आहेत, आठवा बरं. विटेवर दोन्ही पाय जुळलेले आहेत. समचरण म्हणतो आपण. एक पाय पुढं, एक पाय मागं, असं नाही. श्रीमंताकडं एक पाऊल, गरिबाकडं अर्धं, असं नाही. सुवासिनीकडं तोंड आणि विधवेकडं पाठ, असं तर नाहीच नाही. ज्याचे पाय सम, त्याच्या भक्ताची नजर विषम कशी चालेल? आज याच एका गोष्टीवर बोलायचं आहे. विठ्ठल विठ्ठल!

गळ्यात माळ आहे म्हणून मी वारकरी आहे, आणि खिशात मतदानाचं ओळखपत्र आहे म्हणून या देशाचा नागरिकही आहे. दोन्ही नात्यांनी बोलणार आहे. कुणा पक्षाची बाजू घ्यायला उभा नाही. नारदाच्या गादीवर उभं राहून पक्षाचं बोलू नये, हे मला कळतं. पण गावातल्या माउलीच्या डोळ्यांतलं पाणी कुठल्या पक्षाचं नसतं, त्याच्याबद्दल बोलायलाच पाहिजे.

आम्ही कीर्तनकार मंडळी वर्षातून कितीतरी वेळा दशक्रियेला जातो. नदीच्या काठी, ओढ्याच्या काठी दहाव्याची सेवा असते. तिथं काय चालतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. एका बाजूला पिंड ठेवलेले, कावळ्याची वाट बघणारे लोक. दुसऱ्या बाजूला बायकांचा घोळका. त्या घोळक्याच्या मध्ये ती बसलेली असते. वय कधी पंचवीस, कधी पस्तीस. नऊ दिवस रडून रडून घसा बसलेला. आणि मग जुन्या बायका पुढं होतात. बांगड्या फोडतात. कुंकू पुसतात. मंगळसूत्र तोडतात. पायातली जोडवी ओढून काढतात. कडेला तिची सात-आठ वर्षांची पोरगी उभी असते, ती सगळं बघत असते. त्या पोरीला काय वाटत असेल, मायबाप? बाप गेला हे तिला दहा दिवसांपूर्वी कळलं. आईचं काय गेलं, ते त्या दिवशी कळतं.

आता दुसरं चित्र बघा. बायको गेली आणि नवरा मागं राहिला. दहाव्याला त्याचं काय पुसतात? काय फोडतात? काही नाही! उलट पाहुणे येतात आणि त्याला नवी टोपी घालतात, नवा टॉवेल देतात. एकावर एक टोप्या! एखाद्याच्या डोक्यावर वीस-पंचवीस टोप्या जमतात. आणि वर्षसराद व्हायच्या आत कुणीतरी कानात सांगतं, "पाहुणं, एक स्थळ हाय बघा, पोरांचं कोण करणार?" हसू नका, खरं की खोटं सांगा. बाप्याचं माणूस गेलं तर त्याला नवं द्यायचं, आणि बाईचं माणूस गेलं तर तिच्याजवळ होतं तेही काढून घ्यायचं. हा कुठला न्याय? दुःख दोघांचं सारखं, देव दोघांचा सारखा, मग दहावा दोघांचा वेगळा का?

कुणी म्हणेल, महाराज, ही परंपरा आहे, पूर्वीपासून चालत आलंय. ठीक आहे. आपण वारकरी आहोत, आपली परंपरा संतांची. मग संतांच्या घरात डोकावून बघू या.

देहूला चला. तुकोबाराय वैकुंठाला गेले. मागं कोण राहिलं? आवली राहिली. आपण कीर्तनकार तिला भांडखोर करून श्रोत्यांना हसवतो. पण त्या दिवसानंतर तिचं काय झालं, हे कितीजण सांगतात? परंपरा सांगते की त्या वेळी तिच्या पोटात बाळ होतं. ते बाळ वडिलांचं तोंड न बघता जन्माला आलं. तेच नारायण महाराज. आणि याच नारायण महाराजांनी १६८५ साली पालखी सुरू केली. ऐका मायबाप! देहूहून आषाढीला तुकोबांची जी पालखी निघते, लाखो माणसं जिच्याबरोबर चालतात, ती पालखी ज्यानं काढली, त्याला एकट्या आईनं वाढवलं. दोन वेळचं कुठून आणलं असेल तिनं? गावानं तिला टोचून खाल्लं असेल की सांभाळलं असेल? ती माउली खचली असती, घराच्या कोपऱ्यात बसली असती, तर नारायण उभा राहिला असता का? तुम्ही जिला अशुभ म्हणून बाजूला सारता, तशाच एका आईच्या कष्टातून तुमची वारी उभी राहिली आहे. विठ्ठल विठ्ठल!

आता जनाबाईकडं या. परभणी जिल्ह्यातलं गंगाखेड हे तिचं गाव. लहानपणीच आई-बापाविना नामदेवरायांच्या घरी आली, दळण-कांडण करत राहिली. देव तिच्याबरोबर जात्याला हात लावायचा, हे तुम्ही शंभर वेळा ऐकलंय. पण पदकाची गोष्ट आठवा. एके रात्री देव जनीकडं आला आणि जाताना गळ्यातलं पदक विसरून तिची वाकळ पांघरून गेला. सकाळी देवळात गडबड उडाली, देवाचं पदक कुठं गेलं? आणि आळ कुणावर आला? जनीवर! का बरं? पंढरपुरात माणसं काय कमी होती? पण जिच्या मागं बाप नाही, भाऊ नाही, नवरा नाही, तिच्याकडं बोट दाखवायला हिंमत लागत नाही. तिला चंद्रभागेच्या वाळवंटात सुळावर द्यायला नेलं. सुळाचं पाणी झालं, ही देवाची लीला. पण सूळ रोवला होता, ही माणसाची करणी! आजही गावोगाव तेच चालतं. नवरा दारूनं मेला तरी "हिच्या पायगुणानं मेला". नवऱ्यानं कर्जापायी फास घेतला तरी "हिनंच घरात कटकट केली असेल". एकट्या बाईवर आळ घेणं फार सोपं आहे, मायबाप. हा आळ घेताना आठवा, जनीवरही असाच घेतला होता, आणि देव कुणाच्या बाजूनं उभा राहिला होता.

आणखी एक. तुमच्यापैकी बरेच जण काशीला जाऊन आलेत. काशी विश्वनाथाचं आत्ताचं मंदिर कुणी बांधलं? पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांनी, १७८० साली. अहिल्यादेवींचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. त्या सती जायला निघाल्या होत्या, पण सासरे मल्हाररावांनी त्यांना अडवलं. काय म्हणावं त्या सासऱ्याला! त्यानं सुनेच्या कपाळाकडं बघितलं नाही, तिच्या कर्तबगारीकडं बघितलं. पुढं १७६७ पासून १७९५ पर्यंत त्या माउलीनं राज्य चालवलं. घाट बांधले, बारवा बांधल्या, अन्नछत्रं घातली. इथं पंढरपुरातही होळकर वाडा आहे. म्हणजे विधवेनं बांधलेल्या देवळात आम्ही नवस बोलायचा, विधवेनं बांधलेल्या घाटावर आम्ही आंघोळ करायची, विधवेनं खणलेल्या बारवेचं पाणी प्यायचं, आणि घरी येऊन सख्ख्या बहिणीला म्हणायचं, "तू हळदीला पुढं येऊ नकोस." पोराच्या लग्नात त्याची आई मांडवाच्या कोपऱ्यात, आणि ओवाळायला शेजारीण! ज्या आईनं बापाच्या मागं रोजंदारी करून पोर वाढवलं, तिचा आशीर्वाद अशुभ? मग शुभ आणायचं कुठून?

कुणी म्हणेल, महाराज, हे आजचं नवं खूळ आहे. नवं कसलं! विधवेच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालचा आहे. महात्मा जोतिबा फुले आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते १८६३ साली. आणि लांब कशाला जायचं? याच पंढरपुरात १८७५ साली प्रार्थना समाजाच्या लालशंकर उमियाशंकर यांनी बालकाश्रम काढला. का काढावा लागला? फसलेल्या, टाकलेल्या बाया क्षेत्राच्या ठिकाणी यायच्या आणि लेकरू सोडून जायच्या. त्या लेकरांना बाप होता, पण तो कुणाला दिसला नाही. दिसली ती आई, आणि दोष तिचा. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं, लोकांनी वाळीत टाकलं, आणि पुढं त्याच कर्व्यांना भारतरत्न दिलं. आज निंदा करणाऱ्यांची नावं कुणाला आठवतात का?

रूढी म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. याच विठ्ठलाच्या देवळाचं दार आपल्या दलित बांधवांना बंद होतं. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी इथं दहा दिवस उपोषण केलं आणि दार उघडलं. त्या वेळीही लोक म्हणाले असतील की देव कोपेल. देव कोपला का? दार उघडल्यावर देव विटेवरून उतरून गेला का? तो जिथल्या तिथं आहे, कमरेवर हात ठेवून. लेकरं जवळ आली म्हणून कुठला बाप रागावतो?

आता अलीकडची एक चांगली गोष्ट सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं वर्ष होतं. ४ मे २०२२ रोजी त्या गावानं ठराव केला की आमच्या गावात नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. पंधरा दिवसांच्या आत, १७ मे रोजी, सरकारनं परिपत्रक काढलं की हेरवाडसारखं सगळ्या ग्रामपंचायतींनी करावं. टाळ्या वाजवण्यासारखी गोष्ट आहे. पण मी नागरिक म्हणून एक विचारतो. तुमच्या गावात तो ठराव झाला का? झाला असला तर तो इतिवृत्ताच्या वहीत आहे, की नदीवर आहे? ठरावाची परीक्षा ग्रामपंचायतीत होत नसते. ती दहाव्याच्या दिवशी, नदीच्या काठावर, त्या घोळक्यात होते. तिथं सरपंच नसतो, ग्रामसेवक नसतो. तिथं तुम्ही असता, आणि आम्ही कीर्तनकार असतो. म्हणून परिपत्रकानं जे होत नाही, ते वारकऱ्यानं केलं पाहिजे.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. काही माउल्या म्हणतात, "महाराज, मला आता नाही लावायचं कुंकू, मन होत नाही." त्यांचं मन आहे, त्यांचा मान राखा. बळजबरीनं पुसायचं नाही, तसंच बळजबरीनं लावायचंही नाही. कपाळ तिचं आहे. एवढं कबूल केलं की भांडणच संपलं.

आणि वारीत तर हे भांडण नाहीच! दिंडीत सकाळी एकमेकांना बुक्का लावताना कुणी विचारतं का, "माउली, घरधनी हाय का?" नाही विचारत. गोपीचंदन सगळ्यांच्या कपाळाला, पाया सगळे सगळ्यांच्या पडतात, आणि नाव सगळ्यांचं एकच, माउली. डोक्यावर तुळस घेऊन जी पुढं चालते, तिच्या मागं शंभर माणसं चालतात, आणि ती विधवा आहे की सवाष्ण, याची चौकशी होत नाही. मग अडीचशे किलोमीटर जे पाळता, ते आपल्या वेशीच्या आत का मोडता?

आता दुसऱ्या गोष्टीकडं वळतो, आणि इथं जरा जागं होऊन ऐका. कपाळावरचं कुंकू राखलं आणि सातबाऱ्यावरचं नाव राखलं नाही, तर अर्धंच काम झालं. कुंकवानं मान मिळतो, पण चूल पेटत नाही. चूल पेटते ती शेतावर.

एका गावात एका माउलीनं मला सांगितलं, "महाराज, बाराव्याला दिरानं कागद आणला. म्हणाला, वहिनी, सोसायटीच्या कामाला सही पाहिजे. मी केली. सहा महिन्यांनी कळलं की ते हक्कसोडपत्र होतं." बाराव्याला! अजून घरातला दिवा विझला नव्हता, आणि कागद तयार! ज्या हातानं पिंड ठेवला, त्याच हातानं वहिनीची जमीन लिहून घेतली. याला श्राद्ध म्हणायचं का? भावाच्या लेकरांच्या तोंडचा घास काढून त्याच्या नावानं कावळ्याला घास घालायचा? कावळा शिवला नाही तर नवल काय!

कायदा काय म्हणतो ते साध्या शब्दांत सांगतो. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आहे. नवऱ्यानं मृत्युपत्र केलेलं नसेल, तर त्याच्या स्वतःच्या मालमत्तेत बायको, मुलगा, मुलगी आणि त्याची आई, सगळे सारखे वारस. समजा त्याची स्वतःची चार एकर आहे, मागं आई, बायको, एक मुलगा, एक मुलगी. प्रत्येकाला एक एकर. बायकोला "पोटापुरतं देऊ" असं नाही, मालकीनं एक एकर. तिनं पुढं दुसरं लग्न केलं तरी एकदा वारसानं मिळालेला हिस्सा परत जात नाही. वडिलोपार्जित जमिनीत हिशेब थोडा वेगळा असतो, पण तिथंही नवऱ्याच्या वाट्यात तिचा हक्क आहेच.

पण हक्क कायद्यात असून भागत नाही, नोंद लागते. वारसाची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला द्यायची असते. मृत्यूचा दाखला जोडायचा, वारसांची नावं द्यायची. तलाठी फेरफार धरतो, नोटीस काढतो, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. एवढंच काम. पण होत काय? कित्येक सातबाऱ्यांवर मेलेल्या माणसांचीच नावं आहेत. काही ठिकाणी थोरल्या भावाचं एकट्याचं नाव, पुढं "ए.कु.मॅ.", म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. मॅनेजरच पुढं मालक होऊन बसतो! २०२५ साली सरकारनं जिवंत सातबारा मोहीम काढली, मेलेल्या खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची. काम चांगलं आहे, मी कौतुक करतो. पण तुम्ही बघा, वारसांच्या यादीत भावाचं नाव पहिल्या दिवशी येतं. वहिनीचं नाव आलं का, लेकीचं आलं का, हे कोण बघणार? ते गावानं बघायचं.

कर्जाचंही ऐका. नवरा गेला की सावकार दारात येतो. नवऱ्याच्या कर्जाला वारस जबाबदार असतो, पण वारसानं जेवढी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरताच. ती स्वतः सहकर्जदार किंवा जामीन नसेल, तर तिच्या मजुरीच्या पैशावर कुणाचा हक्क नाही. आणि विनापरवाना सावकारी हा २०१४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. शेतकरी आत्महत्यांच्या आकड्यात आपला महाराष्ट्र वर्षानुवर्षं देशात सगळ्यात वर आहे. प्रत्येक आकड्यामागं एक घर आहे, आणि बहुतेक घरांत एक माउली मागं राहिलेली आहे. तुकोबारायांच्या घरी महाजनकी होती. दुष्काळ पडला, लोक देशोधडीला लागले. तेव्हा तुकोबांनी आपल्या वाट्याची सगळी खतं इंद्रायणीत बुडवली. तुम्ही एवढं करू नका, तुमच्यानं होणारही नाही. पण विधवेच्या दारात वसुलीला जाण्याआधी एकदा इंद्रायणी आठवा.

आता सरकारला दोन शब्द. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. पण त्यासाठी घरचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा दाखला लागतो. हिशेब करा. २१,००० भागिले ३६५. दिवसाला ५८ रुपयेसुद्धा होत नाहीत! आणि घर म्हणजे ती एकटी नव्हे, लेकरंही आली. रोजंदारीला चार दिवस गेली तर ती "निराधार" राहत नाही. म्हणजे जगायचं तर खोटा दाखला काढायचा, किंवा खरं बोलून उपाशी राहायचं. खरं बोलणाऱ्याला शिक्षा होईल असा नियम करू नये, हे मी नागरिक म्हणून हात जोडून सांगतो.

दुसरीकडं लाडकी बहीण योजना आली, २०२४ साली. तिथंही १,५०० रुपयेच, आणि उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. बहिणींना मिळतात, मला आनंद आहे. पण नवरा कमावता आहे तिलाही तेवढेच, आणि जिच्या मागं कुणी नाही, दोन लेकरं पदरात, तिलाही तेवढेच! निराधारचे पंधराशे मिळत असतील तर लाडक्या बहिणीचे मिळत नाहीत. घरात चार लेकरं असली आणि एक आजारी असलं तर आई दुधाचा पेला कुणाला जरा जास्त देते? आजाऱ्याला. याला कुणी पक्षपात म्हणत नाही, याला आई म्हणतात. सरकारला आपण मायबाप सरकार म्हणतो ना? मग थोडं आईसारखं वागावं. निराधारची उत्पन्नाची मर्यादा वाढवावी, आणि एकटीनं लेकरं वाढवणाऱ्या बाईला रक्कम जास्त द्यावी. माझी एवढीच मागणी आहे.

पण सरकारकडं बोट करून आपण मोकळे होऊ नये. सरकार मुंबईत आहे, दहावा तुमच्या नदीवर आहे. म्हणून या कार्तिकीला पांडुरंगाच्या साक्षीनं पाच गोष्टी मागतो. पैसे मागत नाही, बिदागी मागत नाही.

पहिली गोष्ट. आपल्या गावात, आपल्या भावकीत दहाव्याला कुणाच्या बांगड्या फोडू द्यायच्या नाहीत. भजनी मंडळानं उभं राहून, शांतपणे, हात जोडून सांगायचं. भांडायचं नाही. टाळ वाजवायला सुरुवात करायची. नामाच्या गजरात बांगडी फोडायची हिंमत कुणाची होते ते बघू.

दुसरी. दहाव्यापासून वर्षसरादापर्यंत त्या माउलीची कुठल्याही कागदावर सही घ्यायची नाही, वारस नोंदीचा आणि तिच्या मदतीचा अर्ज सोडून. तिनंही लक्षात ठेवायचं. कुणी सही मागितली तर म्हणायचं, "आधी गावातल्या शिकलेल्या माणसाला वाचून दाखवते."

तिसरी. मंडळातल्या दोन शिकलेल्या पोरांनी तिच्याबरोबर तलाठ्याकडं आणि तहसील कचेरीत जायचं. वारस नोंद, निराधारचा अर्ज करायचा. दारिद्र्यरेषेखालचं घर असेल आणि कमावता माणूस साठीच्या आत गेला असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत २०,००० रुपये एकदा मिळतात, त्याचाही अर्ज करायचा. जी पोरं सप्ताहाला पंगती वाढतात, त्यांनी वर्षातून दोन दिवस कचेरीची वारी केली तर पुण्य कमी होणार नाही.

चौथी. सप्ताहात, काकड्यात, कलशाच्या मिरवणुकीत, लग्नाच्या मांडवात मागं राहिलेल्या माउलीला पुढं बोलवायचं. वीणा तिच्या गळ्यात द्या. पोराच्या लग्नात पहिलं औक्षण आईनं करायचं.

आणि पाचवी गोष्ट इथं बसलेल्या टोपीवाल्यांसाठी. अहो मालक, तुम्ही धडधाकट आहात, देव तुम्हाला शंभर वर्षं देवो. पण आपण काही अमरपट्टा घेऊन आलो नाही. जिवंत आहात तोवर घराच्या उताऱ्यावर बायकोचं नाव लावा. ग्रामपंचायतीत अर्ज दिला की नमुना आठवर दोघांची नावं लागतात. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मी मुक्तीचं आवाहन केलं, तेव्हा हजारो शेतकऱ्यांनी आपल्या बायकोच्या नावानं जमीन केली. त्यांचं काही बिघडलं नाही. तुम्ही दिवाळीला लक्ष्मीचं चित्र पुजता, आणि घरातली लक्ष्मी उताऱ्यावर कुठंच नाही! नाव लावलं तर ती तुम्हाला घराबाहेर काढील अशी भीती वाटते का? वाटत असेल, तर आधी वागणूक सुधारा!

मायबाप, संतांनी देव सोपा केला. त्यांनी सांगितलं नाही की अमुकच्या कपाळावर देव बसतो आणि तमुकच्या नाही. मरण कुणाला सुटलेलं नाही. आज दुसऱ्याच्या घरी आहे, उद्या आपल्या. आपल्या मागं आपली बायको, आपली लेक, आपली सून राहील. तिला गाव कसं वागवील, हे आज आपण शेजारच्या घरी कसं वागतो यावर ठरतं.

म्हणून आता उठण्याआधी प्रत्येकानं मनात आपल्या गावातल्या एका माउलीचं नाव घ्या, जी नवऱ्यामागं राहिली आहे. घेतलं? घरी गेल्यावर पंढरीचा प्रसाद सगळ्यांत आधी तिच्या दारात न्या. तिला बुक्का लावा, तिच्या पाया पडा. आणि निघताना विचारा, "वहिनी, वारस नोंद झाली का?" तेवढं विचारलंत म्हणजे तुमची वारी पांडुरंगाला पोचली असं समजा.

झालेली सेवा पांडुरंगाच्या चरणी अर्पण.

बोला पुंडलिक वरदे हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय! संत जनाबाई की जय!